होळीत जाळलेलं विम्याचं कार्ड

माझी छाती आता बरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच जीव टांगणीला लावायला नको. क्षय झाला होता, गेला. हे लिहायला बसलो त्याचं कारण क्षय नाही, माझा मूर्खपणा आहे. क्षयावर औषध निघालं आहे. दुसऱ्यावर निघाल्याचं अजून ऐकिवात नाही, म्हणून ज्याच्या खिशात विम्याचं कार्ड आहे त्याने हे वाचावं आणि माझ्या खर्चाने शहाणं व्हावं.

माझं नाव सखाराम. मुंबईच्या एका कापडगिरणीत मी हजेरीखात्यात कारकून होतो. कामगारांचा सरकारी विमा तेव्हा नवानवा सुरू झाला होता. दर आठवड्याला पगारातून थोडी वर्गणी कापायची आणि माणूस आजारी पडला की दवाखाना, औषध, इस्पितळातली खाट आणि घरी बसल्या दिवसांचे थोडे पैसे, असा तो प्रकार. त्याचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. फॉर्मांबरोबर नियमांची एक पिवळी पुस्तिकाही आली होती. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली मी ती घातली. टेबल डुगडुगायचं थांबलं. त्या पुस्तिकेचा तो मला झालेला पहिला उपयोग, आणि नोकरी सोडेपर्यंतचा शेवटचाही.

तरी गिरणीतला विम्याचा जाणकार मीच! लोक खिडकीशी येऊन विचारत, "बाबू, असं झालं तर काय आणि तसं झालं तर काय?" मी चष्मा कपाळावर सरकवून निकाल द्यायचो. सगळ्यांत आवडता निकाल एकच होता : "नोकरी सुटली की विमा सुटला. जा आता." हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. वाक्य ऐकायला बरं वाटायचं, आणि ते ऐकलं की माणूस खिडकीपासून लवकर हलायचा.

राजीनामा

माझं गाव श्रीवर्धनपासून पायी तासाभराच्या अंतरावर. गिरणीतला आमच्याकडचा माणूस इतर सणांना रजा मागतो, शिमग्याला मागत नाही, शिमग्याला तो जातो. त्या वर्षी ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घ्यायचा पहिला मान आमच्या आळीचा होता. हेडबाबूंना सांगितलं, तर ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "सखाराम, हजेरीखातं बंद ठेवून नाचायला जायची पद्धत आपल्याकडे नाही."

मी राजीनामा दिला. पण दोन ओळींचा देईन तर मी कसला! चांगला दीड पानांचा लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण पुढे ते मला फार लोकांनी ऐकवलं : "ज्या खुर्चीवरून माझ्या ग्रामदेवतेची पालखी दिसत नाही, त्या खुर्चीवर बसणे माझ्या पाठीच्या कण्यास मान्य नाही." शेवटी, आजवरच्या नोकरीत माझा एकही खाडा नाही, असंही ठणकावलं. गैरहजेरीला गिरणीत खाडा म्हणतात. मग त्या पत्राची सुवाच्य अक्षरात एक नक्कल केली, तारीख घातली, आणि पुढच्या पिढ्यांसाठी ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

गावात होळी पेटली. माणसं भोवती फिरून बोंबा मारत होती, नको ते जाळात टाकत होती. मला स्फूर्ती आली. खिशातून विम्याचं ओळखकार्ड काढलं आणि गिरणीच्या नावाने सणसणीत बोंब मारली. माझी बायको यमुना शेजारीच उभी होती. तिने माझा दंड धरला.

"अवो, सरकारी शिक्का हाय त्याच्यावर!"

"मग काय झालं? शिक्का जळत नाही की काय?"

जळतो. छान जळतो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पालखी खांद्यावर घेतली, चार पावलं नाचलो आणि असा खोकला आला की मागच्याने पालखी सावरली. गुलाल नाकात गेला असेल, असं सगळे म्हणाले. मीच पहिल्यांदा म्हणालो.

आज पान खाल्लंत?

आमचा भाग सुपारीचा. अंगणात सुपारी वाळते, ओटीवर सुपारी सोलतात, पाहुणा आला की आधी पानाचं तबक. आमच्याकडे लाल थुंकणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही. पांढरं थुंकला तरच विचारतील, काय रे, बरं नाही का? ह्या एका गोष्टीने माझा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

चैत्रात संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं. सदरा सैल झाला. मी म्हणालो, गिरणीचा वारा निघून चालला अंगातून. खोकला होताच, पण दिवसातून दहा पानं खाणाऱ्याला खोकल्याबरोबर काय पडलं ते कसं कळावं? मी वाडीत माडाच्या आळ्यात थुंकायचो, वर पाणी पडायचं, संपलं.

मग एकादशी आली. आईच्या धाकाने माझा त्या दिवशी कडक उपास, म्हणजे पानही बंद. दुपारी मागल्या दारी उभा राहून खोकलो. यमुना भांडी घासत होती. तिने दगडावर पडलेलं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अवो, आज पान खाल्लंत?"

"एकादशीला?"

ती राखेचा हात तसाच ठेवून त्या दगडाकडे बघत राहिली. मीही बघितलं. दगडावर लाल होतं.

श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटं ठोकली, थुंकी तपासली आणि खुर्ची जवळ ओढून बसले. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतो तेव्हा बातमी चांगली नसते.

"क्षय आहे. घाबरू नका, पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. सुया आहेत, गोळ्या आहेत. पण कितीतरी महिने घ्यायला लागतील आणि सुरुवातीला इस्पितळातच. मुंबईला फोटो काढावा लागेल छातीचा. तुम्ही गिरणीत होतात ना? मग विमा असेलच."

आणि मी, रक्त थुंकणारा मी, चष्मा कपाळावर सरकवून म्हणालो, "डॉक्टरसाहेब, नोकरी सुटली की विमा सुटला."

त्यांनी मान हलवली. माझ्या बोलण्यात दमच तसा होता.

पडवी

मला पडवीत आणलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, घोंगडी वेगळी. आईने हे सगळं स्वतः केलं आणि करताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला राग आला होता. पुढे कळलं, पाहिलं असतं तर तिला ते जमलं नसतं. शेजारची माणसं अंगणाच्या कडेला उभी राहून तब्येत विचारायची आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत निघायची. खिडकीपासून माणसं हटवायची कला माझ्याकडे होती. तीच आता माझ्यावर चालत होती.

आई म्हणाली, वाडी विकू. आठ गुंठ्यांची वाडी, वडिलांनी खांद्यावरून पाणी घालून वाढवलेली. यमुना म्हणाली, वाडी विकली तर हे बरे होऊन खातील काय? दोघी दिवसभर माझ्यादेखत भांडायच्या आणि मी घोंगडीवर पडून आढ्याचे वासे मोजायचो. भीती कशी असते ते सांगतो. ती मरणाची वगैरे कमी असते. आपण खोकलो की घरातली बोलणी थांबतात, त्या थांबण्याची ती असते.

त्यातून मी जे बोललो ते आठवलं की अजून कान तापतात. मी यमुनेला म्हणालो, "विमा नाही म्हणजे नाही. नियम मला ठाऊक आहेत."

चंद्राबाई

वैशाखात एक दिवस सुकट विकणारी आली. टोपली उतरवली, कडेवरची मुलगी पायरीवर बसवली, आणि पडवीकडे बघून थबकली.

"कोन? सखारामबाबू? खिडकीत बसायचा तो बाबू पडवीत कसा बसला?"

मी ओळखलं. चंद्राबाई. बंदरावरच्या कोळीवाड्यातली, आमच्या गिरणीत सुताच्या वाइंडिंग खात्यात होती. दीड वर्षापूर्वी तिला कामावरून कमी केलं होतं.

"त्याला बरं न्हाय," आई आतून म्हणाली. "लांब बस गो."

"म्या सुकट इकते मावशे. मला अजून कोन लांब बसवनार?" आणि ती तिथेच बसली. "काय झालं बाबू?"

मी सांगितलं. ती ऐकत होती आणि मुलीच्या तोंडातला सुकटीचा तुकडा काढत होती.

"मग हितं का पडलाय? विमा हाय की तुमाला."

"नोकरी सोडली ना."

"बरं मग?"

"मग काय? नोकरी सुटली की विमा सुटला."

चंद्राबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी घोंगडी वर ओढली. "बाबू," ती हळूच म्हणाली, "तुमी ह्ये खरंच मानता व्हय? मला वाटलं, मला खिडकीपास्नं हाकलायला सांगत व्हता!"

डॉक्टरांनी क्षय म्हटलं तेव्हा मी इतका ओशाळलो नव्हतो.

तिने मग आपली हकीकत सांगितली. काम सुटलं तेव्हा तिला पाचवा महिना होता. मला विचारलं, मी ते माझं वाक्य फेकलं. ती तिथून निघाली ती थेट विम्याच्या कचेरीत गेली आणि कोणीतरी बोलेपर्यंत बाकावर बसून राहिली. तिथल्या म्हाताऱ्या बाबूने वही काढून बघितलं आणि सांगितलं की मागच्या मुदतीत तुझी वर्गणी भरलेली आहे, तिचा लाभ पुढच्या मुदतीत मिळतो, मग मध्ये नोकरी असो की नसो. "ही पोर विम्यावरच झाली," ती मुलीला थोपटत म्हणाली. "यंदा शिंपलेली वाडी फुडल्या वर्साला फळती ना मावशे? तसंच हाय ते. काम गेलं म्हनून काल घातलेलं पानी वाया जात न्हाय. पन मुदत असती. मुदतीच्या आत जाऊन तोंड दाखवाया पायजे."

आई दारात येऊन उभी राहिली होती. यमुना पायरीवर बसली होती.

"कार्ड घ्या न् निघा," चंद्राबाई म्हणाली. "कार्ड कुटं हाय?"

मी माशा हाकलल्या. यमुनाच बोलली. "होळीत."

"कोनाच्या?"

"आमच्याच. ह्यांनीच टाकलं. बोंब मारून."

चंद्राबाई हसायला लागली ती थांबेचना. तिची मुलगीही हसायला लागली. मग आई हसली, पदर तोंडाला लावून. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात तो आवाज झाला होता. मलाही हसू आलं आणि खोकला आला, आणि ह्या वेळी कोणी गप्प झालं नाही.

"नंबर तरी आठवतोय?" चंद्राबाईने डोळे पुसत विचारलं.

गिरणीतल्या शेकडो माणसांचे नंबर मी ह्या हाताने लिहिले होते. मागावरच्या साचेवाल्यांचे, त्यांच्या मुकादमाचे म्हणजे जॉबरचे, भंग्याचे. माझा एकट्याचा आठवेना.

"मला ठावा हाय," ती म्हणाली आणि कमरेची पानाची चंची सोडली. पानं, कात, तंबाखू, आणि सगळ्यात खाली मेणकापडात गुंडाळलेलं तिचं कार्ड. "फॉर्म भरायच्या दिशी रांगेत पयली म्या व्हते. तुमी म्हनलात, थांब गो, आदी माझा भरू दे. म्हनून तुमचा नंबर माझ्या फुडला. एकानं कमी. तवापास्नं राग हाय मनात, म्हनून इसरले न्हाय."

रांगेत घुसल्याचा फायदा झालेला जगातला मी एकटाच माणूस असेन, आणि तोही जिच्या पुढे घुसलो तिच्या हातून.

शेवटून दुसरी बोट

मुदत कधी संपते ते चंद्राबाईला ठाऊक नव्हतं, मला तर असायलाच हवं होतं. ती पिवळी पुस्तिका अजून टेबलाच्या पायाखाली होती. म्हसळ्यावरून खडीच्या रस्त्याने मोटारगाडी जायची, पण रक्त पडणाऱ्या छातीला ते हादरे डॉक्टरांनी साफ मना केले. राहिली आगबोट. पावसाळा जवळ आला की बोटी बंद होतात त्या नारळी पुनवेपर्यंत. त्या हंगामाच्या दोनच फेऱ्या उरल्या होत्या. मी म्हणालो, शेवटच्या बोटीने जाऊ, तोवर थोडा ताप उतरेल. यमुना म्हणाली, "तुमचं आजवर लई ऐकलं." आणि तिने शेवटून दुसऱ्या बोटीची तिकिटं काढवली. पुढे समजलं, समुद्र खवळला म्हणून शेवटची बोट आलीच नाही.

किनाऱ्यावरून पडावात, म्हणजे लहान होडीत, बसून बोटीपर्यंत जायचं असतं. होडी हाकणाऱ्या तांडेलाने मला पाठुंगळी घेऊन पडावात ठेवलं. आई गुडघाभर पाण्यात उभी. ताट-तांब्या वेगळा करणाऱ्या त्या माझ्या आईने दोन्ही तळवे माझ्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. मग तेच ओले हात आपल्या तोंडावर फिरवले. मी "आई, हात धू," म्हणालो.

"गप रं," ती म्हणाली. "मोठा नियम सांगनारा."

कण्यास मान्य असेल तर

विम्याच्या कचेरीत चंद्राबाईने सांगितलेला म्हातारा बाबू होता. खरा बाबू. माणूस बोलत असताना त्याच्याकडे बघणारा.

"कार्ड?"

"जळलं."

"अरेरे. घराला आग लागली?"

"नाही. होळीत."

"चुकून पडलं?"

मी यमुनेकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. "मीच टाकलं."

त्यांनी टाक खाली ठेवला. "लेखी द्या. कार्ड कसं गेलं ते लिहा." दीड पान राजीनामा लिहिणाऱ्या ह्या हाताला आता एकच ओळ सुचली : रागाच्या भरात होळीत टाकले. चूक माझी. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली ओळ असावी, कारण ती वाचून म्हातारबुवांचा चेहरा मऊ झाला.

नंबर सांगितला. वही आली. बोट खाली खाली गेलं. माझं नाव होतं, आणि लगेच त्याच्या खाली चंद्राबाईचं. जागा सोडायला लावलेल्या बाईसारखं ते माझ्या खाली उभं होतं.

"नोकरी कोणत्या तारखेला सोडलीत? पुरावा आहे काही?"

पुरावा! मी पिशवीतून राजीनाम्याची नक्कल काढली. जपायचं ते जाळलं होतं आणि जाळायचं ते ट्रंकेत जपलं होतं; पण ते आत्ता कामाला आलं. त्यांनी तारीख बघितली. मग वरचं वाचायला लागले. मग मोठ्याने वाचायला लागले. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले, शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. "...पाठीच्या कण्यास मान्य नाही" ह्या शब्दांवर सगळी कचेरी खदखदून हसली. यमुना सगळ्यांत जास्त. मला मोठी ढास लागली आणि रुमाल तोंडाला लावावा लागला. हसू तिथल्या तिथे विरलं. शिपाई पाणी घेऊन आला.

म्हातारबुवा वहीत बोट ठेवून कितीतरी वेळ बघत होते.  वाडी, आई, यमुना, सगळं त्या एका बोटाखाली होतं.

"एकही खाडा नाही म्हणता, ते खरं आहे," ते अखेर म्हणाले. "वर्गणी पुरी आहे. मुदत अजून आहे. फार नाही, थोडेच आठवडे. पण आहे. पावसाळा संपल्यावर आला असतात तर माझ्या हातात काही नव्हतं. चिठ्ठी देतो, विम्याच्या डॉक्टरकडे आजच जा. ह्या आजाराला पुढे मुदत वाढवूनही मिळते." आणि मग समोरच्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "तोवर बसा. खुर्चीवर बसणं कण्याला मान्य असेल तर."

मी बसलो. यमुनेने पदराच्या टोकाने डोळे टिपले, आणि तिने ते हसून पाणी आलं म्हणून टिपले असं मी आजवर समजत आलो आहे.

वॉर्ड

इस्पितळाचं फार सांगत नाही. सकाळी सुई. रोज तीच जागा दुखायची, म्हणून नर्स दुसरी जागा शोधायची, मग तीही. एक कडू पूड पाण्याबरोबर घ्यावी लागे. तिच्यापुढे कडुनिंब म्हणजे बासुंदी. दुपारी दोन तास न बोलता पडून राहायचं. हा नियम माझ्यासाठीच काढला असावा, असं नर्सचं मत होतं. यमुना परळला माझ्या चुलतबहिणीकडे राहायची आणि भेटीच्या वेळी दारात उभी राहून आधी एकच विचारायची, "आज काय रंग?" पहिल्यांदा ती "पांढरा" ऐकून परत गेली त्या दिवशी तिने येताना आणलेलं केळं मला द्यायचं विसरून स्वतःच खाल्लं.

शेजारच्या खाटेवर मुरूडकडचा हसनमिया होता, दुसऱ्या एका गिरणीत बॉयलरवर काम करणारा. एका सकाळी त्याला चिठ्ठी आली, त्याची गिरणी बंद पडली. तो उठला, लुंगी बदलली, ट्रंकेत कपडे भरायला लागला.

"कुठे निघालास मिया?"

"घरी. नोकरी गेली ना सखारामभाई. आता ही खाट आपली कुठं? कुणी उठवायच्या आधी उठावं, इज्जत राहील."

माझे ते जुने, गोल, दमदार शब्द त्याच्या तोंडून येत होते. कोण जाणे, त्याच्या गिरणीतही खिडकीमागे एखादा सखाराम बसला असेल.

मी पटकन सांगणारच होतो की असं नसतं, मुदत असते. तोंड उघडलंही. पण त्याची वर्गणी किती, मुदत कुठवर, मला काय ठाऊक? कपाळाकडे चाललेला चष्मा मी नाकावरच ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "मला माहीत नाही. बस. विचारू."

विचारलं. विम्याच्या डॉक्टरांनी कचेरीत विचारलं. दोन दिवस हसनमिया भरलेली ट्रंक खाटेखाली ठेवून बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, की खाट त्याचीच. त्याने ट्रंक उघडून एक एक कपडा परत दोरीवर टांगला आणि मग भेटीला आलेल्या बायकोला म्हणाला, "आज घरी बिर्याणी कर, माझ्या वाटची पोरांना दे." नंतर मी कचेरीतून ती पिवळी पुस्तिका मागवली आणि पानापानाने वाचली. टेबलाखाली असताना ती इतकी सोपी होती हे मला कळलं नव्हतं. वॉर्डात ती हातोहात फिरली. आम्ही वाचायचो, अडलं की विचारायचो. माझा निकाल कोणी मागितला नाही आणि मी दिला नाही.

थोडंसं शहाणपण, त्या वॉर्डातलं : नोकरी सुटली तरी कार्ड टाकू नका. ज्या दिवशी सुटली ती तारीख लिहून ठेवा. मुदत कुठवर आहे ते तुमच्या खिडकीतल्या बाबूला विचारू नका, कचेरीत जाऊन विचारा. आणि पान खात असाल तर आठवड्यातून एक दिवस खाऊ नका. का, ते वर सांगितलंच आहे.

पुन्हा होळी

छातीचा शेवटचा फोटो डॉक्टरांनी उजेडात धरला आणि म्हणाले, "जा आता. पालखी मात्र खांद्यावर घेऊ नका." त्यांना ती गोष्ट यमुनेने सांगितली असणार.

त्यानंतरच्या दुसऱ्या शिमग्याला मी गावात होतो. वाडी जागच्या जागी होती. आईने माझं जुनं ताट सगळ्यांच्या ताटांत मिसळून मांडलं होतं. कुठलं होतं ते मला ओळखता आलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. पालखी आली. मी खांदा दिला नाही. पुढे चाललो आणि गुलाल उधळला, आणि गुलाल नाकात गेला तरी खोकलो नाही. सगळी आळी माझ्या खोकल्याची वाट बघत होती, तो आला नाही तेव्हा मागच्याने जी हाळी दिली ती पालखीसाठी होती असं मी मानत नाही.

आदल्या रात्री होळी पेटली तेव्हा चंद्राबाई आली होती. तिची मुलगी आता पळत होती. "बाबू," ती लांबूनच ओरडली, "हात दाखवा!"

मी दोन्ही हात वर केले. रिकामे. कचेरीने दिलेलं नवं कार्ड यमुनेने माझ्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवून वरून शिवून टाकलं होतं. मी आता श्रीवर्धनला एका सुपारीच्या व्यापाऱ्याकडे लिहायचं काम करतो, त्या कार्डाची मुदत केव्हाच संपली. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "असू दे. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

तेवढ्यात आळीतला तुकाराम माझ्याजवळ आला. गिरणीत साच्यावर होता, शिमग्याला रजा मिळाली नाही म्हणून नोकरी सोडून आला होता. होळीच्या राखेने माखलेला. कानाशी लागून म्हणाला, "बाबू, तुमाला ठावं असंल. नोकरी सुटली तर विमा ऱ्हातो का?"

माझा हात चष्म्याकडे गेला. चंद्राबाईने भुवया उचलल्या. यमुनेने माझा दंड धरला, त्याच जागी, जिथे दोन वर्षांपूर्वी धरला होता.

"मला काय माहीत?" मी म्हणालो. "पहिल्या बोटीने जा आणि कचेरीत विचार. कार्ड कुठाय तुझं?"

तुकारामने ऐटीत खिशावर थाप मारली. "हितंच हाय."

"मग तू आधी ह्या जाळापासून लांब हो."